दिवाळीच्या सुट्टीपूर्वी: कोकण किनाऱ्यावर निवास-न्याहारी चालवणाऱ्यांसाठी तयारीची यादी

पाहुण्यांचा हंगाम जवळ आला की आपण रंगकाम, गाद्या आणि पडदे यांपासून तयारीला लागतो. माझा आग्रह असा की तयारी विहिरीपासून आणि तीही मे महिन्यातच सुरू करावी, कारण विहिरीची खरी स्थिती तेव्हाच कळते. आमच्या विहिरीत एका वैशाखात रहाटाची कळशी पाण्यात बुडण्याऐवजी तळाच्या जांभ्या दगडाला खरखरत घासली आणि वर आले ते तांबडे, गढूळ, अर्धी कळशीही न भरणारे पाणी. घरात त्या दिवशी आठ पाहुणे होते आणि शेजारची दोन घरेही त्याच विहिरीवर पाणी भरत होती. तेव्हापासून दोराला हात-हात अंतरावर गाठी मारून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पाण्याची पातळी मोजावी, ती वहीत लिहावी आणि मार्चची नोंद पाहूनच एप्रिल-मे महिन्यांत किती खोल्या द्यायच्या ते ठरवावे, असा आमचा नेम आहे. खोली रिकामी ठेवणे जिवावर येते, हे मान्य आहे; पण शेजाऱ्याच्या घागरीतले पाणी पाहुण्याच्या शॉवरला देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मिरगाचा पाऊस लागण्याआधी छपराच्या पन्हळी साफ करून त्यांचे पाणी विहिरीकडे वळवावे. वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस धरला तर हजार चौरस फुटांच्या छपरावर अडीच लाख लिटरहून अधिक पाणी पडते. पहिल्या दोन-चार सरींचे पाणी बाहेर सोडून पुढचे खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून घ्यावे. ज्यांची जमीन वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठारावर, आहे त्यांनी तेथे वाहनतळासाठी सपाटीकरण करण्यापूर्वी थांबून विचार करावा, कारण सच्छिद्र जांभ्याच्या या सड्यांतच पाऊस मुरतो आणि पायथ्याच्या वाड्यांतील झऱ्यांना पुरतो. बारसू, देवीहसोळ, उक्षी यांसारख्या ठिकाणची कातळशिल्पेही याच सड्यांवर आहेत आणि २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. पाहुण्यांना तेथे अवश्य न्यावे, मात्र गाडी रस्त्यावर ठेवून चालत न्यावे.

पाणी येते कुठून याइतकेच ते जाते कुठे, हेही तपासायला हवे. शौचालयाची टाकी आणि शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा आणि जांभ्यात तो शक्य तितका अधिक दूर, उताराच्या खालच्या अंगाला असावा, कारण ज्या छिद्रांतून पाऊस मुरतो त्यांतूनच मैलाही झिरपतो. न्हाणीचे पाणी पूर्वी परसातल्या अळवाला, केळींना आणि माडांच्या आळ्यांना जात असे. नळ आले, सिमेंटची गटारे झाली आणि ते पाणी खाडीत जाऊ लागले. ते पुन्हा वाडीकडे वळवण्यास एक पाट आणि कर्दळीचा एक वाफा पुरतो. मात्र त्यासाठी फरशी पुसण्याची तीव्र रसायने बंद करावी लागतात.

स्वयंपाकघराबाबत थोडक्यात सांगतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताज्या सुरमईचा हट्ट धरणाऱ्या पाहुण्याला कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी आणि सुक्या बांगड्याची किसमूर प्रेमाने वाढावी. तळहाताएवढे, अजून वाढ न झालेले पापलेट कोणत्याही महिन्यात विकत घेऊ नये.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, मात्र अधिक काळजीने पाहावे लागते. नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासविणी रात्री अंडी घालण्यास येतात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले उजेडाच्या दिशेने धावतात. म्हणून समुद्राकडे तोंड असलेले पांढरे दिवे मे अखेरपर्यंत बंद ठेवावेत किंवा त्यांवर झाकण बसवावे. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांसोबत कासवांचे काम उभे केले आणि पुढे कासवे पाहण्यास येणारे लोक गावातल्या घरांतच राहू-जेवू लागले, हे उदाहरण आपल्यासमोर आहे. वाळूच्या उंचवट्यावर पसरलेली मर्यादवेल ‘साफसफाई’च्या नावाखाली उपटू नये. तिची मुळे वाळू धरून ठेवतात आणि समुद्राने कुठवर यावे हे ती सांगते, असे आमच्याकडचे जुने लोक मानत. जेथे ती नाहीशी झाली आहे तेथे पावसाळ्याच्या सुरुवातीस तिच्या फांद्या पुन्हा लावाव्यात. खुर्च्या आणि छत्र्या मांडण्यापूर्वी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) कोठे ओढली जाते, होड्या कोठे लागतात हे मच्छीमारांना विचारावे आणि ती जागा मोकळी ठेवावी.

पाहुण्यांना समुद्रात नेणाऱ्या होडीवाल्याशीही हंगामाआधीच बोलून घ्यावे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले, तरी प्रवाळांवर नांगर टाकणे आणि मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव कुस्करणे हे प्रकार अजून घडतात. प्रवाळावर उभे राहू न देणारा आणि तरंगत्या बोयाला होडी बांधणारा माणूस चार पैसे अधिक मागत असेल तर ते द्यावेत.

कचऱ्यासाठी एकदा वेंगुर्ल्याला जाऊन यावे. नगरपरिषदेने कचरा डेपोचेच पाहण्याजोगे स्थळ केले आहे आणि वर्गीकरण कसे करावे हे तेथे प्रत्यक्ष दिसते. प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी प्रत्येक खोलीत झाकणाचा तांब्या आणि ओसरीवर गाळलेल्या पाण्याचा माठ ठेवावा.

शेवटी, आगाऊ रक्कम स्वीकारण्यापूर्वी पाहुण्यांना एक संदेश पाठवावा: चादरी तिसऱ्या दिवशी बदलल्या जातील, मासळी त्या दिवशी बंदरावर मिळेल ती असेल, रात्री पुळणीवर टॉर्च लावता येणार नाही आणि एप्रिलनंतर आंघोळीला बादलीच मिळेल.