घरी अडकलात? या चुका टाळा: दिवस कुठे उसवतो आणि कसा शिवायचा

२५ मार्च २०२०. गुढीपाडवा आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवस एकाच तारखेला आले होते. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्चला पुण्यातच सापडले होते, त्यामुळे कोथरूडच्या आमच्या सोसायटीत भीती थोडी आधीच येऊन बसली होती. साखरेच्या गाठीशिवाय गुढी उभारली आणि मुहूर्त चांगला म्हणून मी एक वेळापत्रक लिहून फ्रीजवर लावलं. सहाला उठणे, सूर्यनमस्कार, आठला नाश्ता, चारला वाचन, सातला शुभंकरोती. तिसऱ्या दिवशी सूर्यनमस्कार गळाले, पाचव्या दिवशी वाचन. आठवड्याभरात त्या कागदाच्या पाठीवर किराण्याची यादी आली.

पहिली चूक: भरगच्च वेळापत्रक

मला वाटलं, मी आळशी आहे. पण एरवी तरी आपला दिवस आपण कुठे लावतो? दूधवाला लावतो, शाळेची व्हॅन लावते, हिंजवडीला जाणारी कंपनीची बस लावते, मावशींची बेल लावते. या सगळ्या खुंट्या एकदम उपटल्या गेल्या आणि मी त्यांच्या जागी अठरा नव्या ठोकायला निघाले. दोन पुरतात. उठायची वेळ आणि दिवेलागण. मधल्या वेळेत काय वाटेल ते होऊ द्या.

उठायचीच वेळ का, झोपायची का नाही? कारण झोप ठरवून येत नाही, उठणं मात्र ठरवून जमतं. शिवाय शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. ऑफिसला जाताना तो उजेड आपल्याला फुकट, नकळत मिळत होता. घरात कोंडल्यावर तोच पहिल्यांदा बंद झाला. ट्यूबलाइट कितीही लख्ख वाटली तरी आषाढातल्या ढगाळ सकाळचा बाहेरचा उजेड तिच्या कितीतरी पट असतो.

म्हणून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नसेल, तर आधी सकाळ दुरुस्त करा. झोप कितीही कमी झालेली असो, ठरल्या वेळी उठा आणि चहाचा कप घेऊन वीस मिनिटं गॅलरीत बसा. गॅलरी नसेल तर खिडकी उघडून, पडदा पूर्ण सारून. संध्याकाळचा दुसरा चहा मात्र सोडा. कॅफीन निम्मं व्हायलाच साधारण पाच-सहा तास लागतात. आमच्याकडे हे शेवटचं कलम कुणीही पाळलं नाही, हेही सांगून टाकते.

दुसरी चूक: लोळणं म्हणजे विश्रांती समजणं

दुपारी १ ते ४ दुकान बंद ठेवतात म्हणून पुणेकरांवर जगाने भरपूर विनोद केले. टाळेबंदीत मात्र मला त्या बंद शटरचा हेवा वाटू लागला. मुलगा पलंगावर लॅपटॉप घेऊन बसलेला, नवरा फोन घेऊन आडवा, आणि माझा ओटा सकाळी सात ते रात्री अकरा चालू. मावशी येत नव्हत्या. चार माणसांची तिन्ही वेळची भांडी, शिवाय यूट्यूबवर पाहून केलेल्या पदार्थांची वेगळी. दिवसभर घरात असूनही मी संध्याकाळी पार गळून जायची आणि तरी रात्री झोप नाही.

हे पहिल्यांदा सासूबाईंच्या लक्षात आलं. त्या तेव्हा ८२ वर्षांच्या. म्हणाल्या, "अगं, सगळे घरी आहेत म्हणजे सगळ्यांना सुट्टी आहे, तू सोडून." त्यांनीच बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापायला लावला आणि मजकूर सांगितला: "१ ते ४ ओटा बंद राहील. भूक लागल्यास डब्यात चिवडा आहे. कुठल्या डब्यात, हे विचारू नये."

पाटी लागली आणि घर बदललं. जादू वगैरे काही झाली नाही. पहिल्या दिवशी तिघांनीही डबा विचारला. पण आठवड्याभरात भांडी वाटली गेली. सकाळची नवऱ्याची, रात्रीची मुलाची. घरात सगळेच असताना कामाला 'सुटणं' नसतं, ते कुणीतरी जाहीर करावं लागतं. घरातल्या ज्या माणसाचं काम कुणाला दिसत नाही, त्याच्या नावाने जाहीर करा.

नवऱ्याची अडचण उलटी होती. तासन्‌तास आडवा, तरी थकलेला. कारण हातात फोन. राज्याचे रुग्णांचे आकडे संध्याकाळी यायचे, मग त्यांवर रात्री चर्चा, मग कुठल्याशा ग्रुपवरचा काढा. पाठ गादीला टेकली तरी मन ड्यूटीवरच. उपाय कंटाळवाणा आहे. बातम्या दिवसातून एकदा, जेवणाआधी. दुपारी डुलकी घ्यायची तर वीस-तीस मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. दोन तास झोपलात तर रात्रीची झोप तुम्हीच खर्च करून टाकली.

पलंगावर ऑफिस थाटू नका. जागा नाही, हे मान्य, आमच्याकडेही नव्हती. मुलाने शेवटी इस्त्रीच्या टेबलावर काम केलं. सुरू करण्याआधी आणि संपवल्यावर तो गच्चीवर दहा फेऱ्या मारायचा. त्याला तो 'हिंजवडीला जाऊन येतो' म्हणायचा, वाहतूक कोंडीशिवाय. गच्चीला कुलूप असेल तर जिना आहे.

तिसरी चूक: सगळ्यांना एकदम भेटणं

झूमवर चौदा नातेवाईक जमवले. फुकटात चाळीस मिनिटं मिळायची, त्यातली पंधरा "ऐकू येतंय का?" यात आणि दहा काकांचं कपाळ बघण्यात जायची. तीन रविवार टिकलं. गर्दीत बोलायला निमित्त लागतं, आणि कुणाकडेच सांगण्यासारखं काही घडत नव्हतं.

टिकलं ते वेगळंच. साताऱ्याच्या आत्याला मी रोज साडेचारला, चहाचं आधण ठेवताना फोन करायची. फोन स्पीकरवर, ती तिकडे भाजी निवडते आहे, मी इकडे आलं किसते आहे. कधी पाच मिनिटं काहीच बोलायचो नाही. एक माणूस, एक वेळ, हातात काम, एवढंच जमवा.

ज्यांची मुलं अमेरिकेत, त्यांची पुण्यात एक खास चूक आहे. रात्री दहानंतर व्हिडिओ कॉल. मुलांची तिकडे सकाळ किंवा दुपार असते, त्यांना घाई. इकडे आईबाबांची झोप मोडते, ती मोडतेच. तोच कॉल सकाळी साडेसातला घ्या. उन्हाळ्यात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे दहा असतात आणि कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सात.

आणि सण गाळू नका. २०२० साली पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका बसने पंढरपूरला गेल्या. "यंदा कसली वारी" म्हणून आमच्या गल्लीने तो दिवस कोरडा काढला. नाना पेठेतल्या मैत्रिणीने मात्र वारकऱ्यांसाठी दरवर्षी करते तशी पिठलं-भाकरी केली, प्रमाण चौघांचं ठेवून. वर्षालाही खुंट्या लागतात.

ही चूक नव्हे, आजार असू शकतो

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतं, असं असेल तर गॅलरीतल्या चहावर विसंबू नका. डॉक्टरांना सांगा. २०२२पासून टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

शेवटची चूक: आजारी माणसाशी आकड्यांत बोलणं

दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१मध्ये मुलाला करोना झाला. आतल्या खोलीत दहा दिवस. मी दर तासाला दार वाजवून ऑक्सिजन विचारायची. ९६. ९७. ९६. ताप? नाही. चौथ्या दिवशी तो आतून म्हणाला, "आई, मी मीटर नाहीये."

मग त्याच्याकडे वही दिली. दिवसातून चार वेळा आकडा लिहायचा, फोटो पाठवायचा, ९४च्या खाली गेला तर लगेच डॉक्टरांना फोन. बोलण्यात आकडा काढायचा नाही. रात्री दाराबाहेर मी खुर्ची टाकायची, तो दाराच्या आतल्या बाजूला ताट घेऊन बसायचा, आणि पुन्हा दुधी का केलास म्हणून आमचं पूर्वीसारखं भांडण व्हायचं.