वास्तववादाला पर्यायी सिद्धांत प्रत्यक्ष वापरायचे कसे: भूसुरुंगबंदीचे उदाहरण

आंतरराष्ट्रीय संबंधांवरचे पुष्कळ निबंध एकाच जागी फसतात. आधी वास्तववादावर (देश सत्ता आणि सुरक्षिततेच्या हिशोबानेच वागतात, या सिद्धांतावर) टीका, मग उदारमतवाद, रचनावाद, मार्क्सवाद आणि स्त्रीवाद यांना एकेक परिच्छेद. ज्या घटनेसाठी हा सगळा खटाटोप, तिचा मात्र पत्ता नाही. म्हणून सुरुवात घटनेपासून करा. इथे माणसांना लक्ष्य करणाऱ्या भूसुरुंगांवर बंदी घालणारा १९९७ चा ओटावा करार घेतला आहे.

‘ओटावा कराराचे महत्त्व’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न ‘का’ने विचारा: स्वस्त, वापरायला सोपे आणि कित्येक सैन्यांकडे असलेले हत्यार सोडण्याच्या करारावर डिसेंबर १९९७ मध्ये १२२ देशांनी सह्या का केल्या, तेही अमेरिका, रशिया आणि चीन बाहेर असताना? प्रश्नात थोडे आश्चर्य असावे. ते नसेल तर कुठलाही सिद्धांत लावा, निष्पन्न काही होणार नाही.

यानंतर वास्तववादाचे उत्तर लिहा आणि ते शक्य तितके भक्कम लिहा. भूसुरुंगांचा लष्करी उपयोग मर्यादित, त्यामुळे ते सोडून फारसे नुकसान नव्हते अशा देशांनी ते सोडले. ज्यांच्या सीमा तापलेल्या होत्या ते बाहेर राहिले: भारत, पाकिस्तान, दोन्ही कोरिया. अमेरिकेनेही कोरियाचेच कारण पुढे केले. हे उत्तर दमदार आहे. ‘वास्तववादी फक्त युद्धाचे बोलतात’ असे लिहून त्याला झटकू नका. वास्तववादी सहकार्यही मान्य करतात, फक्त ते बड्या सत्तांच्या हितापुरतेच टिकते असे त्यांचे म्हणणे असते.

आता या उत्तरात न बसणारे तपशील शोधा. अमेरिकेने या भूसुरुंगांची निर्यात १९९२ मध्येच, म्हणजे कराराच्या पाच वर्षे आधी, स्थगित केली. २०१४ मध्ये तिने आपला वापर कोरियन द्वीपकल्पापुरता ठेवला, २०२० मध्ये ते धोरण उलटवले आणि २०२२ मध्ये पुन्हा आणले. जो करार मानलाच नाही त्याच्या जवळपास राहण्याची ही धडपड कशासाठी? शिवाय करार घडवण्यात पुढाकार कॅनडासारख्या मध्यम देशांचा आणि स्वयंसेवी संघटनांचा होता. या फटीत पर्यायी सिद्धांताला जागा मिळते. फट सापडण्याआधी सिद्धांत निवडू नका.

इथे रचनावाद सर्वांत उपयोगी पडतो, म्हणून त्यावर जास्त वेळ द्या. देशाचे हित आधीच ठरलेले नसते, ते ओळख आणि संकेतांतून, म्हणजे योग्य वर्तनाच्या सर्वमान्य अपेक्षांतून, घडते, ही त्याची मांडणी. अलेक्झांडर वेंट यांच्या १९९२ च्या लेखाचा गाभा असा की अराजकाला, म्हणजे देशांच्या वर कोणतेही सरकार नसण्याला, अर्थ देशच देतात. पण एवढे उद्धृत करून विश्लेषण होत नाही. मार्था फिनेमोर आणि कॅथरिन सिकिंक यांनी १९९८ मध्ये संकेताच्या प्रवासाचे तीन टप्पे मांडले: उगम, लाट आणि अंगवळणी पडणे. प्रत्येक टप्प्याला पुरावा जोडा. उगमाला १९९२ मध्ये सुरू झालेली भूसुरुंगबंदीची आंतरराष्ट्रीय मोहीम आणि रेड क्रॉसचा पुढाकार. लाटेला ऑक्टोबर १९९६ मध्ये कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लॉइड अ‍ॅक्सवर्दी यांनी वर्षभरात करार करण्याचे दिलेले आव्हान. तिसऱ्या टप्प्याला करार न मानणाऱ्यांचे वर्तन.

पुरावा म्हणून नेत्यांची भाषणे चिकटवणे ही इथली नेहमीची चूक. छान बोलायला काही लागत नाही. संकेत मोडणारा काय करतो ते पाहा: तो लपवतो, नाकारतो, कारणे देतो, की उघडपणे हक्क सांगतो? लपवणे आणि कारणे देणे हे संकेत जिवंत असल्याचे चिन्ह आहे.

विरोधी पुरावा स्वतःहून मांडा. अमेरिकेने २०२४ मध्ये युक्रेनला असे भूसुरुंग द्यायला मान्यता दिली. २०२५ मध्ये लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी करार सोडण्याची नोटीस दिली. पाचही देशांची सीमा रशियाला भिडते. हा गुण वास्तववादाच्या पदरात टाकायलाच हवा. मात्र कलम २० नुसार कारणे लेखी देऊन आणि सहा महिन्यांची मुदत पाळूनच बाहेर पडता येते, आणि त्यांनी नोटिसा त्याच वाटेने दिल्या. हत्यारावरची बंदी सुटली, कारण देण्याचे बंधन टिकले. रचनावादाचा दावा इतकाच ठेवा, अधिक ताणू नका.

संस्थात्मक उदारमतवादाबद्दल मोठा गैरसमज आहे. त्याला सद्भावनेचा सिद्धांत समजतात. प्रत्यक्षात रॉबर्ट कोहेन यांनी १९८४ मध्ये वास्तववादाचीच गृहीतके घेतली: अराजक आणि स्वार्थी देश. तरीही संस्था माहिती पुरवतात आणि फसवणुकीची भीती कमी करतात, असे त्यांनी दाखवले. म्हणून इथे कलमे वाचा: साठा चार वर्षांत नष्ट करणे (कलम ४), पेरलेले सुरुंग दहा वर्षांत काढणे (कलम ५), दरवर्षी अहवाल देणे (कलम ७). करार का टिकला हे यातून कळते, का जन्मला हे नाही. लोकशाही शांततेचा सिद्धांत या घटनेला लावू नका. तो दोन लोकशाही देश आपसात सहसा लढत नाहीत एवढेच सांगतो. लोकशाही देश युद्धच करत नाहीत, असा त्याचा अर्थ लावणारे हमखास गुण गमावतात.

सिद्धांत मिसळतानाही जपा. एकाच परिच्छेदात हित आधीच ठरलेले आहे असे धरायचे आणि ते घडत गेले असेही म्हणायचे, हे चालत नाही. काम वाटून द्या: कराराच्या जन्माला रचनावाद, टिकण्याला संस्थात्मक उदारमतवाद. १५०० शब्दांत प्रश्नाला २००, वास्तववादाला ३००, मुख्य पर्यायाला ६००, विरोधी पुराव्याला २५० आणि निष्कर्षाला १५० शब्द पुरतात. इंग्लिश स्कूल किंवा जागतिक व्यवस्था सिद्धांत असे आणखी सिद्धांत इथे ओढूनताणून आणायची गरज नाही.

स्त्रीवादी आणि चिकित्सक (प्रस्थापित व्यवस्थेलाच प्रश्न विचारणारे) सिद्धांत वापरायचे तर मूळ प्रश्नच बदलावा लागतो, आणि तो बदल निबंधात स्पष्ट लिहा. रॉबर्ट कॉक्स यांनी १९८१ मध्ये म्हटले की सिद्धांत नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. त्या नजरेने विचारा: बंदी या स्वस्त हत्यारावरच का आली, वाहनविरोधी सुरुंग बाहेर का राहिले? स्त्रीवादी मांडणीत देशाऐवजी घर हे एकक घ्या. पाय गमावलेल्या माणसाची वर्षानुवर्षे काळजी कोण घेते, पीडितांना मदत सांगणाऱ्या कलम ६ मध्ये ते श्रम कुठे मोजले जातात? जखमींची आकडेवारी लिंग आणि वयानुसार वेगळी मिळाली तरच पुढे जा. ती नसेल तर ‘स्त्रिया आणि मुले’ असा शेवटी जोडलेला परिच्छेद गाळणे बरे.