‘हाइट कितनी है?’ – सेटवर जाण्याआधी आमच्या उंचीच्या माणसाने काय काय करावं

दर पंधरा दिवसांनी कुणाचा तरी फोन येतो. ‘दादा, आमचा भाचा तुमच्यासारखाच आहे, त्याला सिरियलमध्ये लावा ना.’ लावा म्हणजे काय, तो काय शर्टाचं बटण आहे? तरी मी प्रत्येकाशी बोलतो. २००३ साली कराडहून दादरला उतरलो तेव्हा मला सांगणारं कुणी नव्हतं. आता तेच तेच बोलून घसा बसलाय, म्हणून एकदाच लिहितो.

माझी उंची ११४ सेंटीमीटर. वीसेक वर्षांत राक्षस झालो, यक्ष झालो, चेटकिणीचा चेला, मडक्यातलं भूत आणि एकदा चालतं-बोलतं मशरूम. वामन मात्र कधी झालो नाही. तिथे गोरंगोमटं पोर उभं केलं आणि मी बळीच्या दरबारात विदूषक. असो.

पहिलं काम घरी बसून करायचं: मापं घ्यायची. उंची तर विचारणारच, ती सेंटीमीटरमध्ये पाठ हवी. पण खांदा, छाती, हाताची लांबी, कमरेपासून घोट्यापर्यंत, डोक्याचा घेर, पाऊल, सगळं शिंप्याकडून मोजून कागदावर घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ड्रेसदादा बिचारा लहान मुलांचे कपडे घेऊन येतो. ते खांद्यात फाटतात आणि बाहीत लोंबतात, कारण आपली छाती मोठ्या माणसाची आणि हात आखूड. मुखवट्याचंही तसंच. माझ्या पहिल्या राक्षसाचं डोकं मुलाच्या मापाचं होतं. चार तास ते कानशिलं आवळत होतं आणि लोक म्हणाले, काय सुंदर वेदना दाखवलीस!

मग इंट्रोचा व्हिडिओ. नाव, वय, उंची, दोन्ही प्रोफाइल म्हणजे चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजू, हात पुढे-मागे, हे सगळ्यांसारखंच. चूक होते ती कॅमेऱ्याच्या जागेत. मित्र उभा राहून शूट करतो, वरून तुमची टाळू दिसते आणि तुम्ही हरवलेल्या पोरासारखे दिसता. त्याला खाली बसवा. कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या रेषेत आला की चेहरा मोठ्या माणसाचा दिसतो. सीन साधा निवडा: भाड्यावरून हुज्जत घालणारा रिक्षावाला, मुलीचं स्थळ बघायला गेलेला बाप. कोलांटी मारून दाखवू नका. एकदा दाखवली की सेटवर माणसं पुरवणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या फोनमध्ये तुमचं नाव ‘बौना जंपिंग’ म्हणून सेव्ह होतं, आणि ते मग पुसलं जात नाही. माझं अजून तसंच आहे.

अंधेरीत आरामनगरला, जिथे ऑडिशन चालतात, चकरा माराव्या लागतील. तिथे जाताना मेकअप करून, रंगीत टोपी घालून जाऊ नका.

काम आलं की तीन प्रश्न विचारायचे. चेहरा दिसणार आहे का? वाक्यं आहेत का? मला कोण उचलणार, फेकणार किंवा मारणार आहे का? पहिल्या दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं तरी काम करा, मीही केलंय, पण तो भाव वेगळा लावा. डोक्यापासून पायापर्यंत झाकणाऱ्या पात्राच्या सूटमध्ये पंधरा-वीस मिनिटांवर घामाने डोळे मिटतात, तेव्हा सूट उतरवून बसायचा ब्रेक आधीच ठरवून घ्या. आपल्यासारखाच बुटका अमेरिकन नट पीटर डिंकलेज, त्याने ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका घेताना दाढी नको आणि टोकदार बूट नकोत, असं आधीच सांगितलं होतं. आपल्याला कोण एवढं विचारतंय, हे खरं. पण ‘घुंगरू नको’ एवढं तर आपणही म्हणू शकतो. मी म्हणालो तेव्हा ईपी, म्हणजे सेटचा कारभार बघणारा एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर, थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, ठीक आहे, मग टाळ द्या.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्यात बुटकेपणाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे अकॉन्ड्रोप्लेझिया. त्यात मणक्यातली मज्जारज्जूची वाट मुळातच अरुंद असते. मानेला हिसका, पाठीवर आदळणं, वायरवर लटकणं या गोष्टी इतरांना मुका मार देतात, आपल्याला पाय बधिर करू शकतात. हाडांच्या डॉक्टरला दाखवून काय करू नये ते लिहून घ्या. मी घेतलं नव्हतं. एका सेटवर मला लहान मुलांचा हार्नेस, म्हणजे वायरला लटकवायचे पट्टे, बांधला. छातीत बसेना म्हणून वरचा पट्टा सैल ठेवला आणि मी उडता उडता उलटा झालो. तीन आठवडे वसईच्या खोलीत छताचा पंखा मोजत पडून होतो, एकच पंखा. त्या दिवसांचे पैसेही मिळाले नाहीत, कारण लेखी काही नव्हतं. तेव्हापासून मी उडत नाही. उडायचंच असेल तर शिकून उडा. किरण शहा बघा: नैरोबीत जन्मलेले, भारतीय वंशाचे, १२६.३ सेंटीमीटर. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये फ्रोडो या हॉबिटचा, म्हणजे बुटक्या जमातीतल्या नायकाचा, स्केल डबल म्हणून ते उभे राहिले, म्हणजे उंच पात्राशेजारी हॉबिट बुटका दिसायला हवा तिथे खरा माणूस तेच. स्टंट हाच त्यांचा धंदा. आपल्यासारखं ‘चल, मार उडी’ म्हटल्यावर मारलेली उडी नव्हे.

कागदपत्रं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये आपली नोंद आहे: प्रौढाची उंची ४ फूट १० इंच, म्हणजे १४७ सेंटीमीटर किंवा कमी. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, पुढे ठिकठिकाणी विचारतात. सिंटा या कलाकारांच्या संघटनेचं कार्डही काढा. पॅन लागतोच, कारण टीडीएस कापतात. मालिकेचे पैसे ९० दिवसांनी येतात, तेव्हा खोलीचं भाडं पहिल्या तीन महिन्यांसाठी गावाहून घेऊन या.

आणि दुसरा धंदा ठेवा. यावर माझं बायकोशी भांडण झालेलं आहे आणि ती बरोबर निघाली. डिंकलेजने सहा वर्षं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत, कॉम्प्युटरवर डेटा भरायची नोकरी केली. ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला त्याचा टिरियन पडद्यावर आला तेव्हा चाळिशी उलटली होती. इंग्लंडचा वॉरविक डेव्हिस अकरा वर्षांचा असताना आजीने रेडिओवर ऐकलं, चार फुटांखालची माणसं हवीत, आणि पोरगा १९८३ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये गेला. पण मला त्याचं पुढचं जास्त आवडतं. १९९५ मध्ये त्याने सासऱ्याबरोबर एजन्सी काढली, पाच फुटांखालच्या आणि सात फुटांवरच्या कलाकारांची. इकडे आमचा फोन अजून त्याच कोऑर्डिनेटरकडून येतो, जो गर्दीसाठी माणसं आणि बैलगाडीसाठी बैल पुरवतो. माझं नायगावला झेरॉक्सचं दुकान आहे. सेट जवळ, मशीन जवळ.

लग्नाच्या गेटवर जोकर होऊन उभं राहायचं का, हेही विचारतात. मी सात सीझन राहिलोय. पैसे रोख देतात. आहेर नेऊन ठेवताना पोरं टोपी ओढतात. तुम्ही बघा.

शेवटचं, स्टूल. व्हॅनची पायरी गुडघ्याच्या वर येते, मेकअपची खुर्ची छातीपर्यंत, आणि संडासाची कडी आपला हात पोहोचेल अशी नसतेच. स्पॉटदादा सांगितलं तर उचलून ठेवतो, पण उचलू द्यायचं नाही, एकदा दिलं की सगळेच उचलतात. एक फुटाचं लाकडी स्टूल घरून न्या, खाली रंगाने नाव लिहा, आणि पॅकअपला आठवणीने मागून घ्या. माझी चार सेटवरच राहिली. एकावर म्हणे हल्ली महादेवाची पिंड ठेवतात.