बर्लिनला शिकायला निघालात? खोलीची किल्ली मिळाल्यावर काय करायचं

प्रवेश, व्हिसा, विमान यांची तयारी सगळेच जीव तोडून करतात. पंचाईत होते ती खोलीत पाऊल टाकल्यावर. त्यातली बरीचशी पुण्यातच टाळता येते, म्हणून सुरुवात बॅगेपासून.

पेढे, खवा, पनीर, साजूक तूप नेऊ नका. युरोपियन युनियनबाहेरून येणाऱ्या प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ चालत नाहीत; कस्टममध्ये ते काढून घेतात. ताजा कढीपत्ता आणि हापूस यांनाही रोपांच्या आरोग्याचा सरकारी दाखला लागतो, तेव्हा आईने कितीही आग्रह केला तरी नाही म्हणा. गोडा मसाला खुशाल न्या.

कुकर तुळशीबागेतून घ्या नाहीतर ऑनलाइन, पण इंडक्शन बेसचाच. एकट्याला तीन लिटरचा पुरतो. साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. काचेच्या इलेक्ट्रिक शेगडीवर तापतो, पण बूड सपाट हवं. या शेगडीची काच बटण बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहते, त्यामुळे शिट्ट्या झाल्या की कुकर उचलून बाजूला ठेवायचा. नाहीतर भाताचा गिचका होतो. जादा रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सोबत असू द्या.

वीज आपल्यासारखीच, 230 व्होल्ट. मोबाइलच्या चार्जरचा बारीक दोन पिनांचा प्लग तिथे बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा बसत नाही. अर्थिंगवाला एक अॅडाप्टर आणि इथला एक एक्स्टेंशन बोर्ड एवढ्यावर भागतं. त्या बोर्डावर किटली किंवा हीटर मात्र लावू नका.

आता खोली. फोडणी हा पहिला धोका. जर्मनीत राहत्या घरांत धुराचा अलार्म सक्तीचा आहे आणि मिरची-मोहरीचा धूर त्याला पुरेसा होतो. तेल मंद आचेवर तापवा, मोहरी तडतडली की लगेच झाकण टाका, आणि खिडकी आधीच उघडून ठेवा. धूर झालाच तर खोलीचं दार उघडू नका: हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधला अलार्म अनेकदा अख्ख्या इमारतीचा असतो. अग्निशमन दल आलं तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

बाथरूममध्ये शॉवर किंवा टब सोडला तर बहुतेक ठिकाणी जमिनीला जाळीच नसते. बादली-तांब्याने बाहेर बसून आंघोळ केलीत, तर पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतात मुरतं. पडद्याची खालची कड टबच्या आत सोडा. जेट स्प्रे नसतो; टमरेल न्यायला लाजू नका.

दाराला बाहेरून बहुधा नुसती मूठ असते, फिरणारं हँडल नाही. कचरा टाकायला गेलात आणि दार मागे लागलं, की किल्लीवाल्याला बोलवा. रात्री किंवा रविवारी तो शेकडो युरो घेऊ शकतो. दुसरी किल्ली मित्राकडे ठेवा. आतून कुलपात किल्ली लावून ठेवू नका. बऱ्याच कुलपांत मग बाहेरून दुसरी चालत नाही.

कागदपत्रांत सगळ्यात महत्त्वाचं आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असा कायदा आहे, पण बर्लिनमध्ये सरकारी कार्यालयाची वेळ (अपॉइंटमेंट) मिळणं अवघड जाऊ शकतं. म्हणून पत्ता ठरला की ऑनलाइन वेळ शोधायला लागा. शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट, म्हणजे नागरिक सेवा कार्यालय, चालतं. घराजवळचंच हवं असं नाही. पासपोर्ट आणि फॉर्म लागतो, शिवाय घरमालकाच्या सहीचं व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचा दाखला. भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि इथेच अनेकजण रिकाम्या हाती परततात.

त्याच दिवशी टपालपेटीवर आडनाव चिकटवा. पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचं कार्ड आणि टॅक्स नंबर दोन्ही परत जातात. काही आठवड्यांनी रुंडफुंकबायट्रागचं, म्हणजे सरकारी रेडिओ-टीव्हीच्या सक्तीच्या वर्गणीचं पत्र येईल: महिना 18.36 युरो. ते केराच्या टोपलीत टाकू नका. ही वर्गणी घरामागे एकच असते. तुमचा सहनिवासी भरत असेल, तर त्याचा वर्गणी क्रमांक कळवा म्हणजे झालं.

पैशांचं गणितही आधी मांडा. ब्लॉक्ड अकाउंटमधल्या (व्हिसासाठी वर्षभराचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) 11,904 युरोंतून महिन्याला 992 सुटतात. डिपॉझिट मात्र महिन्याच्या मूळ भाड्याच्या (हीटिंग वगैरे खर्च सोडून) तीन पटींपर्यंत मागता येतं. ती रक्कम वेगळी नेली नाहीत तर पहिल्याच महिन्यात हात आखडतो.

दुपारी एक ते चार दुकान बंद हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तिथे रविवार अख्खा बंद. मोठ्या स्टेशनांतली काही दुकानं उघडी असतात, पण महाग. म्हणून विमानाचं तिकीट काढताना शनिवार-रविवार टाळा. हॉस्टेलची किल्ली देणारा हाउसमाइस्टर (इमारतीचा केअरटेकर) बहुधा कामाच्या दिवशीच भेटतो, तोही ठरावीक तासांत. त्याची वेळ आधी ईमेलने विचारून घ्या आणि मगच तिकीट काढा.