राजहंसगडावर जाण्याआधी: एका डोळ्याची दुर्बीण घेताना

आधी ठरवा, बघायचं काय आहे. बेळगावजवळच्या राकसकोपच्या पाण्यावरची बदकं, जांबोटीच्या झाडीतला धनेश, की रात्रीचा चंद्र? एकच मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याची दुर्बीण, सगळं दाखवतं, पण सगळं सारखंच चांगलं दाखवत नाही.

मग आकडे वाचा. ८×४२ म्हणजे ८ पट जवळ आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुसऱ्याला पहिल्यानं भागा, ५.२५ येतात. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते, वय वाढलं की कमी. उन्हात ३ मिलिमीटरही पुष्कळ होतात, म्हणून खिशात मावणारं ८×२५ दिवसा छान. दिवेलागणीला मात्र ते हात टेकतं. मी एका जत्रेत '४०×६०' बघून भुललो होतो. भागाकार दीड! तोही आकडा खरा धरला तर. शिवाय जितकी पट मोठी तितकी हाताची थरथरही मोठी दिसते. १० पटीच्या वर जायचं तर ट्रायपॉड लागणार. मोनोक्युलरच्या खाली त्याचा स्क्रू बसायला भोक आहे का बघून घ्या.

दुकानात खोक्यावरच्या जाहिरातीत रमू नका. मोनोक्युलर हातभर लांब धरा, तोंड उजेडाकडे करा आणि डोळा लावायच्या भिंगात चमकणारा ठिपका बघा. तो पूर्ण गोल असला तर ठीक. कडा करड्या, कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर आतलं प्रिझम (प्रकाश वळवणारी काच) हलक्या प्रतीचं, बहुतेक बीके-७ जातीच्या काचेचं. त्याऐवजी बाक-४ काचेचं मागा. नंतर रस्त्यापलीकडची पाटी वाचा, मधली अक्षरंच नव्हे, कडेचीही. चष्मा असेल तर तो न काढता बघा. डोळ्याजवळचा रबरी कप खाली करूनही समोरचं दृश्य पूर्ण गोल दिसत नसेल तर परत ठेवा.

कणकुंबी-चोर्ल्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांनी नायट्रोजन भरलेलं, पाणी न शिरणारंच घ्यावं. साध्याच्या आत एकदा वाफ धरली की बाहेरून कितीही पुसा, जात नाही.

रात्रीचं: साधं मोनोक्युलर मिट्ट काळोखात काही दाखवत नाही, असलेला उजेड गोळा करतं इतकंच. काळोखात बघायचं यंत्र वेगळं, इन्फ्रारेड दिव्याचं, बॅटरीवर चालणारं आणि महाग. आकाशासाठी ते नकोच. गडाच्या तटाला कोपर टेकवून १० पटीनं गुरूचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतात. चंद्र मात्र पौर्णिमेचा नको, अष्टमीचा बघा. उजेड-सावलीच्या रेघेवर खड्डे उठून दिसतात. दिवसा सूर्याकडे चुकूनही रोखू नका, पोरांच्या हातात देताना तर आधी हेच सांगा.

भीमगडच्या जंगलात जाणार असाल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. आणि गळ्यात अडकवायची दोरी जाड घ्या, सोबतची बहुधा बुटाच्या नाडीसारखीच असते.