आजीची साडी लाल झाली: घरातल्या ज्यू वारशावर डिजिटल काम कसं करावं

आजीच्या लग्नाचा फोटो १९५३ चा आहे. ठाण्याच्या शार हशमाईम सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिराच्या, दारात उभी आहे, शेजारी आजोबा, मागे पाहुण्यांची गर्दी. उजवा खालचा कोपरा वाळवीने खाल्लाय. काही वर्षांपूर्वी मी तो स्कॅन करून फोटोत रंग भरणाऱ्या एका ॲपला दिला. वीस सेकंदांत आजी लाल साडीत!

आम्हां बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, नवरी पांढरी साडी नेसते. ॲपने हजारो भारतीय नवऱ्या बघितल्या असतील, त्यात आमची एकही नसणार. मंगळसूत्राचे काळे मणी पुसून त्याने सोन्याची साखळी केली होती. वाळवीने खाल्लेल्या कोपऱ्यात एक गुळगुळीत पाय उगवला होता, बोटं सहा. आई म्हणाली, "छान आलाय गं." मला धसका बसला तो त्या वाक्याचा. आणखी वीस वर्षांनी हाच फोटो खरा ठरला असता.

मी पेशाने ग्राफिक डिझायनर. दिवसा साबणाच्या आणि बिल्डरांच्या जाहिराती करते, रात्री हे. बरेच जण विचारतात की घरात पेटीभर कागद, फोटो आणि कॅसेटी आहेत, त्यांचं काही करायचं तर सुरुवात कुठून करायची. म्हणून लिहितेय. उदाहरणं आमच्या घरची आहेत, पण तुमची पेटी वसईच्या ईस्ट इंडियन घरातली असली किंवा पाठारे प्रभूंची असली तरी पद्धत तीच लागेल.

आधी स्कॅन, कला नंतर

हा भाग रटाळ आहे, लवकर उरकू. पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला, पासपोर्ट आकाराचा १२०० ला, निगेटिव्ह असेल तर २४०० किंवा त्याहून वर. मूळ प्रत टिफ (TIFF) फाइलमध्ये ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही; जे काय प्रयोग करायचे ते नकलेवर. अल्बमला डकवलेले फोटो ओढून काढू नका. खिडकीपाशी सावलीत अल्बम सपाट ठेवा आणि वरून कॅमेऱ्याने घ्या. पाठीची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, "चि. सौ. कां." अशी सुरुवात, पेन्सिलीने लिहिलेली उधारी, सगळं मागेच असतं.

निगेटिव्ह उलटं स्कॅन होणं ही नेहमीची चूक. आमच्याकडे ती पकडायला सोपी, कारण मागे कुठेतरी हिब्रू अक्षर असतंच. हिब्रूतलं 'बेत' हे अक्षर डावीकडे उघडं असतं. ते उजवीकडे उघडलेलं दिसलं की फोटो फिरवा. नाहीतर माझ्यासारखं होईल: आजोबांच्या भावाला मी दोन वर्षं डावखुरा समजत होते.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हिब्रू टाकताना उजवीकडून डावीकडे चालणारा मजकूर सेटिंगमधून आधी चालू करा. तो बंद असला की अक्षरं उलट क्रमाने बसतात. माझ्या पहिल्या मोठ्या प्रिंटवर 'शालोम'चं 'मोलाश' झालं होतं. चार फूट रुंद. प्रदर्शनाला आलेल्या एका काकांनी ते शांतपणे मोठ्याने वाचून दाखवलं.

सालं जुळवणं

केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, आणि थडग्यांवरचे दगड यांवर ज्यू साल अक्षरांत लिहिलेलं असतं आणि हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. प्रत्येक हिब्रू अक्षराला ठरलेला आकडा असतो; त्या आकड्यांची बेरीज करून येणाऱ्या तीन आकडी संख्येत १२४० मिळवा, इंग्रजी साल मिळतं. ६७० आले तर १९१०. तारीख रोश हशना (ज्यू नववर्ष) ते डिसेंबरअखेर या काळातली असेल तर १२३९ मिळवायचे. जुन्या मराठी कागदांवर शक असतो, त्यात ७८. एकाच कागदावर तिन्ही सालं सापडली तर तो कागद जपून ठेवा. पुढे तुमचा सगळ्यात चांगला कॅनव्हास तोच ठरेल.

आवाज

माझ्या कामातला सगळ्यात मोलाचा ऐवज फोटो नाहीत, आवाज आहेत. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. ती रेकॉर्ड करू नका. ती सांगताना प्रत्येक माणूस पुस्तकासारखं बोलायला लागतो.

"तुमच्या आठवणी सांगा" असं विचारलंत तरी काही मिळणार नाही. हाताने करायची कामं विचारा. मी मावशीला विचारलं, "मलिद्याचे पोहे कोण भिजवायचं?" आणि ती चाळीस मिनिटं थांबली नाही. पोहे किती वेळ ठेवायचे, गूळ चिरायचा की किसायचा, ओलं खोबरं शेवटी का घालायचं, जायफळ कुणाच्या घरी जास्त पडायचं आणि त्यावरून कोण कुणाला काय बोललं. मलिदा एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाहूच्या, नावाने करतात. नवस फेडायला, लग्नाआधी, नवं घर घेतल्यावर. ताटात मधोमध गोड पोह्यांचा ढीग, भोवती फळं, वास घ्यायला गुलाब किंवा सब्जा. मावशी म्हणाली, "आशीर्वाद म्हणेपर्यंत हात लावायचा नाही, आणि आम्हां पोरांचं सगळं लक्ष केळ्यावर." त्या 'केळ्यावर'च्या आधी ती अर्धा सेकंद हसली आहे. त्या अर्ध्या सेकंदाभोवती मी अख्खं व्हिडिओ इन्स्टॉलेशन बांधलं: वरून लावलेला स्थिर कॅमेरा, एक ताट, चार हात, आणि ते हसू दर तीन मिनिटांनी.

तांत्रिक बाजू थोडक्यात. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, टेबलाची थरथर येत नाही. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात. पंखा बंद. बोलणं सुरू करण्यापूर्वी तीस सेकंद खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा, जोडकामात ती फार उपयोगी पडते. कुकरची शिट्टी झाली तर झाली, काढू नका.

करू नये अशा गोष्टी

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत सिनेगॉगमध्ये कॅमेरा नेऊ नका. कुणी हटकलं नाही तरीही.

जिच्यावर देवाचं नाव आहे ती कागदाची चिटोरीही कचऱ्यात जात नाही. अशी कागदपत्रं गेनिझात, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जागी, ठेवतात आणि नंतर पुरतात. मला हे माहीत होतं, पण रंग तपासायला काढलेल्या टेस्ट प्रिंट हा त्याच प्रकारचा कागद आहे हे डोक्यातच आलं नाही. शेमा या प्रार्थनेच्या ओळी असलेली अकरा प्रिंट घरात साठली, तेव्हा प्रश्न पडला. आता चाचणीपुरतं ते नाव झाकून प्रिंट काढते, नाव फक्त शेवटच्या प्रतीवर येतं.

तसंच प्रोजेक्टरचं. एकदा आम्ही प्रार्थनेची अक्षरं खोलीच्या जमिनीवर पाडली, लोक त्यावरून चालतील आणि अक्षरं पायांवर चढतील, अशी कल्पना. दिसत होतं अप्रतिम. मांडणीच्या दिवशी समाजातल्या एक बाई आल्या, उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "मी आत कशी येऊ?" एवढंच. आम्ही रात्री प्रोजेक्टर काढून छताकडे वळवला.

दफनभूमीत दगडावरची अक्षरं नीट दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळायचा सल्ला जुने लोक देतात. चोळू नका. तारेचा ब्रश तर नकोच. सकाळी सातला जा, ऊन तिरकं असतं आणि झिजलेलं अक्षरही सावली टाकतं. ते जमलं नाही तर घरचा आरसा न्या आणि बाजूने उजेड मारा. दगडाचं त्रिमिती मॉडेल करायचं असेल तर उलट ढगाळ दिवस बघा. सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा निदान साठ-सत्तर टक्के भाग आला पाहिजे. कोकणात पावसाळ्यानंतर शेवाळ असतं, ते तसंच येऊ द्या. बाहेर पडताना हात धुवायचे, म्हणून पाण्याची बाटली बरोबर हवी.

दुसरा चुकीचा रंग

ॲपने आजीला लाल केलं. माणसं तिला राखाडी करू पाहतात.

माझा पोर्टफोलिओ बघून एका गॅलरीतल्या गृहस्थांनी सुचवलं की यात थोडं अधिक दुःख हवं. ज्यू आणि स्मृती हे दोन शब्द शेजारी आले की पाहणाऱ्याच्या डोक्यात एक तयार चित्र येतं: सुटकेसी, रूळ, काटेरी तारा. ते चित्र युरोपचं आहे आणि तिथे ते खरं आहे. शिमॉन ॲटी या अमेरिकन कलावंताने १९९१-९२ मध्ये बर्लिनमधल्या एका जुन्या ज्यू वस्तीत युद्धापूर्वीच्या रहिवाशांचे फोटो रात्री तिथल्याच भिंतींवर प्रोजेक्टरने पाडले. मी त्या कामाचे फोटो कितीदा बघितलेत. पण ते तंत्र उचलताना तिथला शोक उचलायचा नाही. आमच्या दाराशी कुणी रात्री आलं नव्हतं. आमची माणसं १९४८ नंतर आपणहून इस्रायलला निघाली, शेजाऱ्यांनी स्टेशनवर लोणच्याच्या बरण्या दिल्या. आमचं दुखणं वेगळं. तिकडे पोचल्यावर आमची लग्नं लावायला धर्मगुरूंनी हरकत घेतली, १९६४ ला जेरुसलेममध्ये बेने इस्रायली धरणं धरून बसले. ते करायचं असेल तर ते करा. मराठी फलक, नऊवारीतल्या बाया, परकं ऊन. त्याचा रंग राखाडी नाही.

मुंबईत वाढलेल्या आणि अमेरिकेत राहणाऱ्या सियोना बेंजामिन यांचं काम अवश्य बघा. त्यांच्या चित्रांतल्या बायका निळ्या असतात, भारतीय लघुचित्रांतून उठून आल्यासारख्या. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात येऊन त्यांनी बेने इस्रायलींचे फोटो घेतले आणि त्यांवर चित्रं बेतली. ज्यू म्हणजे काळा-पांढरा हे डोक्यातून घालवायला तो निळा बरा पडतो.

अर्थात घरचा रंगही तपासावा लागतो. काळाघोड्याचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ चं. बगदादी ज्यूंचं, आमचं नव्हे. मी लहानपणापासून ते निळंच बघितलं. २०१९ च्या जीर्णोद्धारात ते पांढरट झालं, निळी उरली ती नक्षी, आणि मूळचा रंग हाच होता असं कळलं. माझ्या फाइलीत आता दोन लेअर आहेत: 'निळं' आणि 'खरं'. दोन्ही चालू ठेवते.

आजीच्या फोटोत मी शेवटी रंग भरलाच नाही. साडी कागदाइतकीच पांढरी ठेवली. मंगळसूत्राचे काळे मणी तेवढे एकेक करून मोठे केले. कोपरा वाळवीने खाल्ला तेवढा रिकामा.

पैसा आणि परवानगी

या कामावर घर चालत नाही, निदान माझं नाही. नोकरी सोडू नका. अनुदानाच्या अर्जात "वारसा जपणे" लिहू नका, सगळेच लिहितात. काय करणार, किती मिनिटांचं, कुठल्या भिंतीवर, प्रोजेक्टरचं भाडं किती, हे लिहा. डिजिटल प्रिंटच्या किती प्रती काढणार ते आधी ठरवून प्रत्येकीवर क्रमांक घाला, मी पाचच्या वर जात नाही. एआयने काही भरलं असेल तर लेबलवर स्पष्ट सांगा.

परवानगी लेखी घ्या, नात्यातल्यांचीही. मराठीत, एका पानात, आणि "नको वाटलं तर पुढे कधीही सांगा" हे वाक्य त्यात हवंच. मामांनी दोन वर्षांनी खरंच सांगितलं. मी त्यांचा आवाज काढून टाकला. कामाचा कणा गेला, पण काढला.

आणि तीन प्रती. एक घरी, एक इंटरनेटवर, एक दुसऱ्या गावात. माझी तिसरी प्रत इस्रायलमधल्या अश्दोदला मावशीकडे आहे, गोधडीच्या घडीत. नुसती ठेवून चालत नाही, वर्षातून एकदा उघडून बघावी लागते. म्हणून दर नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशनाला, मी फोन करून तिला डिस्क लॅपटॉपला लावायला सांगते. या वर्षी तिने विचारलं, "बघायचं की नुसतं उघडायचं?" म्हटलं, नुसतं उघड. तिने तासभर बघितलं आणि दोन फोटोंतली नावं चुकल्याचं कळवलं. ती अजून दुरुस्त करायची राहिलीत.