पत्ता कोणी दिला, हे आधी पाहा

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी नेटवर्क आणि संगणक दुरुस्तीचे काम करताना कानांवर पडणारी तक्रार बहुधा एकाच वाक्याची असते: "मॅडम, नेट चालून नाही राहिलं." जिनिंगचे मुनीमजी, पतसंस्थेतील रोखपाल, महाविद्यालयाचे लिपिक, सेवा केंद्र चालवणारा मुलगा, सगळे हेच सांगतात आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही, दोष कोठे आहे हे शोधणे त्यांचे काम नव्हे, ते आपले आहे. आयटीआय, पदविका किंवा हार्डवेअर-नेटवर्किंगचा एखादा अभ्यासक्रम करून जे या कामात नुकतेच आले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. आयपी पत्ता, गेटवे, स्विच, राउटर यांची ओळख तुम्हांला आहे असे मी गृहीत धरते. वर्गात जे कोणी सांगितले नाही आणि ज्याच्या विचाराने मला कित्येक रात्री झोप लागली नाही, तेवढेच येथे सांगायचे आहे.

कामाचा क्रम सोडू नका, कारण समोरची माणसे घाई करतात आणि त्या घाईत आपण भलतीच केबल उपसतो. तक्रार एका यंत्राची आहे की सगळ्यांची, हे प्रथम विचारा. नेटवर्क पोर्टचा दिवा लागतो का ते पाहा, मग आयपीकॉन्फिग या आदेशाने यंत्राचा पत्ता पाहा, मग गेटवेला पिंग करा, म्हणजे त्याच्याकडून उत्तर येते का ते तपासा, त्यानंतर इंटरनेटवरच्या 8.8.8.8 या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. गेटवे उत्तर देतो पण 8.8.8.8 देत नाही, तर बिघाड राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे आहे. फायबर जोडणी असेल तर ओएनटीवरचा (फायबर ज्यात येते त्या डब्यावरचा) एलओएसचा, म्हणजे प्रकाशसंकेत तुटल्याचा, लाल दिवा पाहावा आणि तो पेटलेला असेल तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवावी, कारण रस्त्याच्या रुंदीकरणात तुटलेली फायबर तुमच्या खटपटीने जुळणार नाही. आकड्यांना उत्तर मिळते आणि नावाला मिळत नाही, तर डीएनएसकडे, म्हणजे नावाचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेकडे, वळावे. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला पत्ता देणारे कोणी भेटलेच नाही आणि त्याने स्वतःच एक पत्ता घेतला आहे, असे समजावे. केबल, स्विचचे पोर्ट किंवा पत्ते वाटणारा राउटर यांपैकी एक बहुधा नादुरुस्त आहे. इथपर्यंतचे तुम्ही शिकला आहात आणि थोड्या सरावाने ते हातांत बसेल.

खरा सापळा त्यापुढचा आहे. यंत्राला पत्ता मिळालेला असतो, तो दिसायलाही नीट असतो, केबल चांगली, दिवा हिरवा, आणि तरी निम्म्या कार्यालयाचे काम चालते आणि निम्म्याचे चालत नाही. आज जे टेबल बंद आहे ते उद्या सुरू असते आणि भलतेच बंद पडते. नवख्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडवायला एवढे पुरेसे आहे, आणि माझाही उडाला होता. म्हणून हा प्रकार मी सावकाश आणि सविस्तर सांगणार आहे.

कापसाच्या हंगामात एखाद्या जिनिंगमध्ये मालकांच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही, म्हणून कोणीतरी यवतमाळहून किंवा नागपूरहून एक छोटा राउटर आणतो. भिंतीतून आलेली कार्यालयाची केबल तो त्या राउटरच्या वॅन (बाहेरचे इंटरनेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये न बसवता लॅन (आतली यंत्रे जोडणाऱ्या) पोर्टमध्ये बसवतो. मोबाइलला वाय-फाय दिसते, सगळे समाधानी होतात. परंतु त्या राउटरमध्ये डीएचसीपी, म्हणजे आपोआप पत्ते वाटण्याची सेवा, कारखान्यातूनच सुरू होऊन आलेली असते. आता एकाच जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे झाले. मुख्य राउटर 192.168.1.1 आहे आणि तो 192.168.1 च्या मालिकेतील पत्ते देतो. नवा राउटर 192.168.0.1 आहे आणि तो स्वतःच्या मालिकेतील पत्ते देतो. यंत्र सुरू होताना जाळ्यातल्या सगळ्यांना हाक घालते की मला कोणी पत्ता द्या, आणि ज्याचे उत्तर आधी येते त्याचा पत्ता ते साधारणपणे स्वीकारते. नव्या राउटरचा पत्ता ज्या यंत्राने घेतला, त्याचा गेटवेही नवा राउटर झाला. त्या राउटरच्या वॅन पोर्टला काहीच जोडलेले नाही, म्हणून इंटरनेट नाही, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर 192.168.1.10 वर असल्यामुळे टॅलीही उघडत नाही.

आता हे विस्कळीत का दिसते ते पाहा. ज्या यंत्राजवळ योग्य पत्ता आहे, ते पत्ता वापरण्याची ठरलेली मुदत निम्मी संपल्यावर ज्याने पत्ता दिला त्याच्याकडेच तो वाढवून मागते; म्हणून अखंड सुरू असलेली यंत्रे ठणठणीत राहतात. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले किंवा केबल निघून परत बसली, की सगळ्यांना हाक घालणे पुन्हा होते आणि नव्या राउटरला संधी मिळते. आपल्याकडे वीज जाते आणि येते; ती आली की सगळी यंत्रे एकदमच जागी होतात, आणि छोटा राउटर पुष्कळदा मुख्य राउटरच्या आधी तयार होतो. त्यामुळे वीज जाऊन आली की तक्रारी वाढतात, लोक विजेला किंवा स्विचला दोष देतात, आणि आपण स्विच बदलून पाहतो. स्विच बदलताना सगळ्या केबली निघतात, यंत्रे पुन्हा पत्ते मागतात, नशिबाने काहींना बरोबर पत्ता मिळतो आणि स्विचच खराब होता असा समज पक्का होतो. दोन दिवसांनी पुन्हा फोन येतो.

याचे निदान एका ओळीत आहे. चालणाऱ्या यंत्रावर आणि न चालणाऱ्या यंत्रावर आयपीकॉन्फिग ऑल हा आदेश द्या आणि दोन्हींकडील डीएचसीपी सर्व्हरची ओळ शेजारी शेजारी कागदावर लिहा. पत्ता पाहू नका, पत्ता कोणी दिला ते पाहा. दोन वेगळे आकडे दिसले की प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. परका आकडा ब्राउझरमध्ये टाकला तर बहुतेक वेळा त्या राउटरचे लॉगिनचे पान उघडते आणि तो कोणत्या बनावटीचा आहे हे कळते. त्यानंतर अडलेल्या यंत्रावरून त्या आकड्याला पिंग सतत चालू ठेवावे आणि मुख्य स्विचमधील केबली एकेक करून काढाव्यात. जी काढल्यावर उत्तर थांबते, तिच्या मागे शेवटपर्यंत चालत जावे. छोट्या कार्यालयांतले स्विच साधे असतात, परक्या डीएचसीपीला रोखण्याची सोय त्यांत नसते, म्हणून हे चालणे टळत नाही.

दोन्ही राउटरांचा पत्ता 192.168.1.1 हाच असला, तर प्रकरण अधिक कठीण होते. डीएचसीपी सर्व्हरची ओळ दोन्हींकडे सारखीच दिसते आणि इंटरनेट येते-जाते. अशा वेळी एआरपी -ए हा आदेश देऊन गेटवेसमोरचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच दिलेला क्रमांक, पाहावा आणि मुख्य राउटरच्या पाठीवरील चिकटपट्टीवरचा मॅक पत्ता त्याच्याशी ताडून पाहावा. एखाद-दुसरा अंक वेगळा असेल तर घाबरू नये, कारण एकाच राउटरच्या वेगवेगळ्या पोर्टांना लागोपाठचे मॅक पत्ते असतात. परंतु पहिले सहा अंक-अक्षरेच निराळी असतील तर उत्तर देणारे यंत्र बहुधा दुसरेच आहे.

उपाय सोपा आहे. नव्या राउटरमधील डीएचसीपी बंद करावे, त्याला मुख्य मालिकेतील पण वाटपाबाहेरचा पत्ता द्यावा, उदाहरणार्थ 192.168.1.2, आणि केबल लॅन पोर्टमध्येच ठेवावी. अ‍ॅक्सेस पॉइंटची (फक्त वाय-फाय पुरवण्याची) सोय त्यात असेल तर तीच निवडावी. केबल वॅन पोर्टमध्ये घालूनही इंटरनेट चालते, परंतु मग खोलीतल्या लॅपटॉपला कार्यालयातील प्रिंटर सापडत नाही आणि तुम्हांला पुन्हा बोलावणे येते.

याच कुळातला दुसरा त्रास प्रिंटरचा असतो. प्रिंटरला किंवा हजेरीच्या बायोमेट्रिक यंत्राला हाताने 192.168.1.105 हा पत्ता दिलेला असतो आणि राउटर 100 ते 200 हेच पत्ते वाटत असतो. एखाद्या दिवशी 105 कोणाच्या तरी मोबाइलला जातो आणि छपाई थांबते. म्हणून प्रत्येक कार्यालयात पत्त्यांची वाटणी ठरवून वहीत लिहा: सुरुवातीचे पत्ते राउटर आणि सर्व्हरसाठी, पुढचे प्रिंटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि हजेरी यंत्रासाठी, आणि 100 च्या पुढचे वाटपासाठी. या वहीला मी कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त मानते.

आता एका आडवाटेबद्दल माझे मत स्पष्ट सांगते. काही सुचले नाही की विंडोज फॉरमॅट करणे ही आपल्या भागातली रूढ पद्धत आहे आणि ती मला मुळीच मान्य नाही. वर सांगितलेला दोष फॉरमॅटने जाणार नाही, कारण तो यंत्रात नाहीच. उलट डिजिटल सहीच्या टोकनचे सॉफ्टवेअर, पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर, टॅलीच्या फाइलींचा मार्ग हे सारे उडते आणि पतसंस्थेचा दिवस बुडतो. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय कोणाच्याही डिस्कला हात लावू नका. रीस्टार्टबद्दल मी इतकी कठोर नाही. तो करावा, पण आधी स्क्रीनवर जे दिसते त्याचे छायाचित्र घ्यावे, कारण रीस्टार्टने पुरावा पुसला जातो.

त्याहून गंभीर इशारा दूरस्थ प्रवेशाचा आहे. घरून टॅली पाहता यावी म्हणून राउटरमध्ये दुरून विंडोज वापरण्यासाठीचे 3389 हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडे करून देणारे लोक आहेत. तसे कधीही करू नका, मालकांनी आग्रह धरला तरी करू नका. उघड्या पोर्टांवर पासवर्ड आजमावून पाहणारी स्वयंचलित यंत्रणा दिवसरात्र चालू असते. विंडोजच्या दुरुस्त्या न बसवणेही महागात पडते: मे 2017 मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय जगभर पसरला, तेव्हा त्याला अडवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, अशांपैकी पुष्कळांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार, म्हणजे अशा दुरुस्त्या मिळणे, 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, हे प्रत्येक कार्यालयाला लेखी सांगा.

एवढे वाचून दडपण आले असेल तर धीर धरा. रोजच्या तक्रारींपैकी पुष्कळ साध्या असतात. सगळ्याच संकेतस्थळांवर सुरक्षिततेचा इशारा येत असेल तर संगणकाची तारीख पाहा. मदरबोर्डवरील सीआर 2032 सेल संपला की तारीख मागे जाते आणि संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अवैध ठरतात. वेग अचानक 100 एमबीपीएसवर अडकला तर केबलच्या चारपैकी एखादी जोडी तुटलेली असू शकते, कारण 100 ला दोन जोड्या पुरतात आणि गिगाबिटला चारही लागतात. वजनकाट्यावरून संगणकात वजन येत नसेल तर यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर कोणी दुसऱ्या पोर्टात लावला का ते विचारा. कॉम पोर्टचा क्रमांक बदललेला असतो आणि सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत असते. एकाच केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेली असतील तर सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतात. ते एकदा पाहिले की पुन्हा विसरत नाही.

वजनकाटा फाटकाजवळ आणि कार्यालय आत, अशी आपल्या जिनिंगची रचना असते. तांब्याच्या केबलची मर्यादा 100 मीटर आहे, ती ताणू नका. अंतर कमी असले तरी दोन इमारतींमध्ये फायबर आणि मीडिया कन्व्हर्टर वापरण्याचा आग्रह धरा, कारण मृगाच्या आधीच्या वादळात वीज जवळपास कडाडली की तांब्याच्या तारेतून आलेला झटका दोन्हींकडील पोर्ट जाळतो. उन्हाळ्यात आपली काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधील व्होल्टेज दोन-तीन व्होल्टच्या वर दिसू लागले तर तुमची नेटवर्कची खटपट थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

गुरूंविषयी एक बोलायचे आहे. जे केबल टेस्टर तुमच्या हातात देतात आणि चूक होईपर्यंत शेजारी शांत उभे राहतात, त्यांच्याकडे कमी पैशांतही राहा. जे राउटरचे पासवर्ड स्वतःच्या डोक्यात ठेवतात, म्हणजे कार्यालयाला त्यांच्याविना गत्यंतर राहत नाही, त्यांच्याकडे शिकण्यासारखे थोडे असते. मुलींना वेगळे सांगते: छतावर चढायचे असते, शिडी लागते, आणि "सोबत कोणी आलं नाही का?" असे तुम्हांला विचारले जाईल. उत्तर देत बसू नका, काम सुरू करा. टॅली उघडली की तो विषय संपतो. त्रुटीचे संदेश इंग्रजीत असतात म्हणून बिचकू नका. शब्द जसाच्या तसा वहीत उतरवा, रात्री घरी सावकाश वाचा. मीही तसेच केले आणि अजूनही करते.

प्रत्येक कार्यालयातले काम संपल्यावर पत्त्यांच्या वाटणीची एक प्रत आणि राउटरचा पासवर्ड लखोट्यात घालून मालकांच्या किंवा सचिवांच्या स्वाधीन करावा आणि तो मिळाल्याची सही आपल्या वहीत घ्यावी. वाय-फायचा राउटर नवीन आणायचा झाल्यास जोडण्याआधी फोन करा, ही सूचना त्याच लखोट्यावर मोठ्या अक्षरांत लिहावी.